सपरीवरचे दुखणेकरी

किस्से गोळा करायची मला हौस नाही. ते आपोआप साचतात. तुम्ही एकदा फिजिओथेरपिस्ट होऊन एखाद्या गावात सून म्हणून जा, मग बघा. परवा लग्नाच्या पंगतीत मी भात वाढत होते. समोरच्या पाव्हण्याने पत्रावळीवरचा हात उचलला आणि कोपर माझ्यापुढे धरलं. "बाई, हे इथी कटकन वाजते, काऊन?" एका हातात माझं भाताचं घमेलं, दुसऱ्या हातात त्याचं कोपर!

मी मूल या तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्यात काम करते. तिथे अंगावर पांढरा कोट असतो, त्यामुळे लोक निदान अर्धं तरी ऐकतात. राहतो मात्र आम्ही गावात, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून, मासेमारांच्या ढिवर मोहल्ल्यात. रविवारी सकाळी मी पुढच्या सपरीवर भाजी निवडायला बसले की एकेक जण येऊन भिंतीला टेकतो. सपरी म्हणजे आमच्याकडची ओसरी. तिथे कोट नसतो. तिथे मी सदाशिवभाऊंची सून असते, आणि सुनेचं ऐकायची सक्ती कोणाला आहे?

बरं, दुखणं कोणाचंच मोठं नाही. सगळी रोजच्या सवयींची कृपा. कोणी वाकडं बसतो, कोणी वाकडं झोपतो, कोणी एकाच खांद्यावर जन्मभर ओझं वाहतो. तेवढं बदललं की झालं. माझं डोकं फिरतं ते इथेच. इलाज इतका सोपा असतो की कोणाला तो इलाज वाटतच नाही!

* * *

पहिला नंबर घरातलाच. मामाजी, म्हणजे माझे सासरे सदाशिवभाऊ.

उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळा मोहल्ला एकाच दिवशी जाळी घेऊन तलावात उतरतो. पण पहिलं जाळं फेकायचा मान आमच्या घराचा. मामाजींच्या वडिलांनी फेकलं, नंतर मामाजींनी. रिवाज असा की हात घरचाच पाहिजे. घरचा हात नसेल तर मान जातो मामाजींच्या चुलतभावाकडे, नामदेव काकाजींकडे, आणि एकदा गेला की परत येत नाही. माझ्या नवऱ्याला जाळं फेकता येत नाही. तो राईस मिलच्या काट्यावर बसतो. म्हणजे घरात हात एकच, मामाजींचा. आणि गेल्या पावसाळ्यापासून तोच हात खांद्याच्या वर जाईना.

मामाजी याबद्दल चकार शब्द बोलायचे नाहीत. पाळीवर बसून तलावाकडे बघत ते उजवा हात हळूच वर नेऊन पाहायचे. कानापर्यंत आला की अडकायचा. मग इकडेतिकडे बघून हात खाली घ्यायचे. मला ते पाहून फार वाईट वाटायचं.

कारण शोधायला मला कष्ट पडले नाहीत. मामाजी जन्मभर उजव्या कुशीवर झोपत आलेत, उजवा हात डोक्याखाली घेऊन. हातच त्यांची उशी! मी मूलच्या बाजारातून चांगली कापसाची उशी आणली. डाव्या कुशीवर झोपा, उजव्या हाताची बोटं भिंतीवरून हळूहळू वर चढवत न्या, सकाळ-संध्याकाळ करा, असं सगळं समजावलं. आणि घरामागच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यात, जाळं फेकणं एकदम बंद.

थोड्या दिवसांनी उशी दिसेना. बाजेवर नाही, खाली नाही, वाळत घातलेल्या कपड्यांतही नाही. शेवटी कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, सापडली. मधोमध छान खड्डा पडलेला, आणि त्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी मामाजींना हाताला धरून तिथे नेलं आणि उशीकडे बोट दाखवलं.

मामाजी शांतपणे म्हणाले, "मले उशीवर झोप नाई येत. तिले येते."

बोडीचं तर विचारूच नका. रोज पहाटे मामाजी आणि आत्याबाई, म्हणजे माझी सासू, बोडीकडे जायचे आणि टोपलीत मासोळी घेऊन परत यायचे. मी चूल पेटवता पेटवता मामाजींना झापायची. हाताला आराम म्हणजे काय ते कळतं का, असा हात बरा होईल का, उन्हाळ्यात पहिलं जाळं कोण फेकणार? मामाजी खाली मान घालून ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे.

* * *

शेजारच्या तुळशीरामभाऊंची कंबर धरली. रोवणीत, म्हणजे भातलावणीत, वाकून धरली, असं त्यांचं ठाम मत. आता रोवणी होऊन, धान कापून, मळून घरात आलं होतं, तरी दोष रोवणीचाच!

मी त्यांच्या घरी जाऊन बाज पाहिली. दोऱ्या इतक्या सैल की भाऊ झोपले की कंबर जमिनीला टेकायची आणि डोकं-पाय वर राहायचे. मी सांगितलं, दोऱ्या ओढून बाज ताठ करा, बस. भाऊंनी त्याच दिवशी बाज ओढली. मला बोलावून हाताने ठोकूनही दाखवली. मी खूश.

पुढच्या रविवारी भाऊ आले ते आणखी वाकून. चौकशी केली तेव्हा कळलं की बाज इतकी सुंदर झाली की घरी आलेल्या जावयाला ती दिली. आणि भाऊ? भाऊ बैलबंडीत धानाचं तणस टाकून झोपत होते. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांच्या मागून जावई पुढे आला, कंबरेवर हात ठेवून. लहानपणापासून सैल बाजेवर झोपलेला माणूस तो. म्हणाला, "बाई, मामाजीची बाज लय कडक हाय. माही कंबर धरली."

* * *

आमच्या मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष गणपतभाऊ. यांचा उजवा अंगठा दुखायचा. जाळं ओढून ओढून दुखतो, म्हणाले. अध्यक्ष झाल्यापासून भाऊंनी जाळ्याला हात लावलेला कोणी पाहिलेला नाही, पण अध्यक्षांना कोण बोलणार?

बोलता बोलता भाऊंनी खिशातून प्लास्टिकची पन्नी काढली. त्यात तंबाखू, सुपारी, चुना. पन्नी मांडीवर ठेवली आणि अंगठ्याने घोटायला सुरुवात केली. घोट घोट घोटली. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत याला खर्रा म्हणतात, आणि जितका जास्त घोटलेला तितका चांगला. मी पाहतच राहिले. म्हटलं, भाऊ, जाळ्याला कशाला बदनाम करता? खर्रा सोडा. तोंडाचं काय होतं ते मोठे डॉक्टर सांगतील, पण निदान या अंगठ्यासाठी तरी सोडा.

भाऊ गंभीर झाले. पटलं म्हणाले.

पुन्हा आले ते दोन्ही अंगठे पुढे करून. उजव्याला आराम म्हणून इतके दिवस डाव्याने घोटत होते! मी हात जोडले. भाऊ, घोटायचंच नाही. या हातानेही नाही, त्या हातानेही नाही. ही सूचना मात्र भाऊंनी तंतोतंत पाळली. त्यांचे अंगठे आता एकदम ठणठणीत आहेत. सोसायटीचे सचिव अंगठ्याला पट्टी बांधून बैठकीला येतात.

* * *

नामदेव काकाजींचा किस्सा जरा वेगळा. हे आमच्या मानाचे पुढचे दावेदार. यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. माणूस घाबरला. चंद्रपूरला जाऊन रक्त तपासून आले, साखर नाही निघाली. मग नसेचं असेल म्हणून नागपूरला जायची तयारी सुरू झाली.

जायच्या आधी एकदा मला पाय दाखवायला आले. मी अंगठा हातात घेतला तर बुडाशी दोरीचा वळ! काकाजी जाळं शिवायला बसतात तेव्हा जाळं ताणून राहावं म्हणून त्याचा फास पायाच्या अंगठ्यात अडकवतात. सकाळी अडकवला की जेवायला उठतानाच काढायचा. अंगठ्याला रक्त पोहोचणार कसं? मी सांगितलं, नागपूर राहू द्या, अंगणात एक खुंटी ठोका आणि जाळं तिला बांधा.

काकाजींनी लोखंडी खुंटी ठोकली, बरोब्बर अंगणाच्या मधोमध. मुंग्या गेल्या. काकाजी गावभर माझं नाव घेत फिरले. मी पहिल्यांदाच जरा सुखावले होते, तोच काकीजी लंगडत सपरीवर आल्या. खुंटीला ठेचकाळून पायाचा अंगठा काळानिळा. मागोमाग काकाजीही आले आणि त्यांनी मला मोठा प्रश्न टाकला. खुंटी काढली तर त्यांचा अंगठा जातो, ठेवली तर काकीजींचा. मग कोणाचा अंगठा वाचवायचा?

काकीजी म्हणाल्या, "हे इचारायची गोष्ट हाय काय?"

जाता जाता काकाजींनी नेहमीची चौकशी केलीच. सदाशिवभाऊचा हात आता कुठपर्यंत जाते? आवाजात अगदी माया. मी म्हटलं, जाते बरोबर. खोटं बोलले. काय करणार?

* * *

नवऱ्याचं सांगायचं नव्हतं, पण सांगते. हा मोटरसायकलवर फोन कान आणि खांद्यामध्ये दाबून बोलतो. गावापासून मूलपर्यंत मान डावीकडे वाकडी. मग रात्री बाम घेऊन माझ्यापुढे बसतो! मी सांगून थकले की गाडी थांबवून बोल. थांबला की मिलमध्ये उशीर होतो म्हणे. शेवटी मीच कानात घालायचे बिनतारेचे इअरफोन आणून दिले. फोन खिशात, मान सरळ, विषय संपला. निदान मला तसं वाटलं होतं.

मान दुखायची काही थांबेना. एकदा आम्ही दोघं मूलला चाललो होतो, मी मागे बसलेली. फोन वाजला. याने खिशातला फोन खिशातच ठेवला, कानातलं बटण दाबलं, आणि मान खांद्यावर टाकून बोलायला लागला! मी मागून पाठीत एक लगावली. फोनवरच्याला म्हणतो, "थांब गा, माह्यावाला इलाज चालू हाय."

* * *

आत्याबाई मूलच्या बाजारात मासोळी विकतात. टोपली नेहमी डाव्या कमरेवर. त्यामुळे उजवी पाठ भरून यायची. मी म्हटलं, एका मोठ्या टोपलीऐवजी दोन लहान घ्या, माल अर्धा अर्धा करा, दोन्ही हातांत सारखं वजन घ्या. आत्याबाईंनी शहाण्या बाईसारखं ऐकून घेतलं आणि बाजारातून येताना दुसरी टोपली आणली. लहान नव्हे. पहिलीच्याच मापाची.

दुसऱ्या दिवशी पाहते तर दोन्ही टोपल्या काठोकाठ. मी कपाळाला हात लावला. त्या मलाच समजावू लागल्या की अर्धी टोपली पाहिली की गिऱ्हाईक म्हणतं, माल सरला, आणि पुढे निघून जातं. "दोन टोपल्या हायेत तं दोन्ही भरूनच नेईन ना व!" पाठ? पाठ आता दोन्हीकडून सारखी दुखते.

* * *

उन्हाळा लागला. मोहफुलं वेचून झाली, तलावाचं पाणी उतरलं, सोसायटीने दिवस ठरवला. मामाजींचा हात अजूनही कानापाशीच. आता ते पाळीवर बसून हात उचलूनही पाहत नव्हते. घरात कोणी जाळ्याचा विषय काढत नव्हतं. मी आतल्या आत चरफडत होते. एवढी शिकले, गावभराचे अंगठे बरे केले, आणि घरातला एक खांदा मला सोडवता येईना!

त्यातच आत्याबाईंचा डावा जबडा दुखायला लागला. जेवताना गालावर हात धरून बसायच्या. मी त्यांना मूलला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, दात तर माझ्यापेक्षा चांगले आहेत. मग मला संशय आला खर्र्याचा. चोरून खात असतील. तसं विचारल्यावर आत्याबाई जाम चिडल्या. त्या सुपारीसुद्धा खात नाहीत म्हणे, आणि सून असं इचारते!

मला काही कारण सापडेना. मग आम्ही सगळे जे सांगतो तेच मीही सांगितलं. गरम कपड्याने शेका, मऊ भात खा, आणि एकाच बाजूच्या दातांवर सगळा भार देऊ नका. बाजू बदलत जा. एकदा डावी, एकदा उजवी. आत्याबाईंनी हे मन लावून ऐकलं. शेजारी मामाजी बसले होते, त्यांनीही ऐकलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

ठरलेल्या दिवशी सकाळी सगळा मोहल्ला पाळीवर. बायका वर, पुरुष खाली पाण्याजवळ. गणपतभाऊंनी नारळ फोडला. नामदेव काकाजी जाळं ओलं करून, कोपरावर घेऊन तयारच उभे होते. गणपतभाऊंनी मामाजींकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, भाऊ, कसं करायचं?

मामाजी जाळं खांद्यावर टाकून पाण्यात उतरले. मला वाटलं, हा माणूस आता हट्टाने हात उचलणार आणि चारचौघांत तो अडकणार. मला बघवेना. त्यांच्या मागोमाग आत्याबाई पाळ उतरून गेल्या. मला वाटलं, धरायला गेल्या.

गुडघाभर पाण्यात मामाजी थांबले. खांद्यावरचं जाळं काढलं आणि घडी घडी करून आत्याबाईंच्या डाव्या कोपरावर घालू लागले. आत्याबाईंनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला. जाळ्याची शिशाचे मणी लावलेली कडा उचलली आणि डाव्या बाजूच्या दातांत धरली. आमच्याकडे जाळं असंच फेकतात. अर्धी कडा हातात, एक टोक दातांत.

नवरा मला विचारत होता, आई काय करून राह्यली? मी आत्याबाईंच्या डाव्या गालाकडे बघत होते.

काकाजी पुढे आले. "बाईच्या हातानं पहिलं जाळं? असं कुठी असते काय?"

मामाजी त्यांच्याकडे न बघता जाळ्याची शेवटची घडी नीट करत राहिले. "घरचा हात पाहिजे म्हणते रिवाज. पावसाळ्यापासून बोडीवर हीच फेकून राह्यली. मी नुसता काठावर उभा राहो. तुमी बाजारातून आणून खाल्ली ना मासोळी, ते हिच्याच हातची."

गणपतभाऊंनी काकाजींकडे पाहिलं, मग मामाजींकडे, मग तलावाकडे. शेवटी म्हणाले, "फेका, बाई."

आत्याबाई कमरेतून वळल्या. हात उठला, तोंड उघडलं, आणि जाळं हवेत गोल उघडून पाण्यावर बसलं. सगळे मणी एकाच वेळी वाजले. त्यांच्यासोबत मामाजींचाही उजवा हात उठला होता, कानापर्यंत, आणि तो तसाच वर राहिला.

पाळीवर आधी कुठल्याशा म्हातारीने टाळी वाजवली, मग सगळ्याच बायका ओरडायला लागल्या. पुरुष आपापली जाळी घेऊन पाण्यात शिरले. काकाजीही शिरले. आत्याबाईंनी जाळं ओढून घेतलं, त्यातली रोहू मामाजींच्या टोपलीत टाकली आणि दुसऱ्या फेकीसाठी जाळं पुन्हा कोपरावर घेतलं. मग मान वर करून त्यांनी पाळीवर मला शोधलं. मी दिसल्यावर जाळ्याची कडा डाव्या दातांपाशी नेली, थांबल्या, आणि माझ्याकडे बघत बघत ती उजव्या दातांत धरली.